ड्रम किट शिकायचंय? मग आधी किट विकत घेऊ नका

दरवर्षी गणपती उठले की आठ-पंधरा दिवसांत मला हमखास दोन-तीन मेसेज येतात, "ताई, यंदा पथकात ताशा वाजवला, जाम मजा आली, आता ड्रम्स शिकायचेत, कुठलं किट घेऊ?" आणि मी सगळ्यांना एकच सांगते की बाबांनो किट घेऊ नका, म्हणजे आत्ता नको. मग त्यांचा चेहरा पडतो, म्हणजे मेसेजमधला चेहरा. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

मी स्वतः सहा वर्षं ताशा वाजवलाय, नदीपात्रात जुलैच्या चिखलात उभं राहून प्रॅक्टिस केलीये, त्यामुळे सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा ड्रम किटवर बसले तेव्हा मला वाटलं हात तर तयारच आहेत, महिन्याभरात जमेल. हात तयारच होते हो. पाय नावाची भानगड असते हे मात्र त्या दिवशी कळलं. हात एक म्हणतायत, पाय दुसरंच, आणि दोघांचं भांडण सोडवायला डोकं रिकामं नाही, अशी अवस्था.

नंतर हळूहळू लक्षात आलं की ड्रम किट हे मुळात एक वाद्य नाहीचे. तीन-चार माणसांची कामं एकाच माणसाच्या गळ्यात मारलीयेत, आणि तीही एकदम नाही, पन्नासेक वर्षांत एकेक करून. मग मी उलटा विचार केला की ही कामं ज्या क्रमाने गळ्यात पडली त्याच क्रमाने शिकलं तर? माझं तरी त्यानेच जमलं, आणि त्यानंतर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणांचं जमलं. त्यामुळे खालच्या पायऱ्या इतिहासाच्या क्रमाने आहेत. इतिहासाचा कंटाळा असेल तरी वाचा, कारण कुठली वस्तू तिथे का आहे हे कळलं की ती वाजवायची कशी ते निम्मं कळतं.

पायरी शून्य : बँडवाल्यांकडे बघा

विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाच्या दणक्यात आपण ब्रास बँडकडे बघतच नाही. प्रभात बँड, दरबार बँड पुढून जातात आणि आपण मोबाइल खाली घेतो. पुढच्या वेळी नीट बघा, कुठलाही बँड असूदे. एकाच्या कमरेला साइड ड्रम, एकाच्या पोटावर मोठा ड्रम, आणि एकाच्या हातात झांजा. तीन माणसं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मिलिटरी बँड आणि रस्त्यावरच्या मिरवणुकांमध्ये हेच होतं, न्यू ऑर्लिन्समध्ये तर लग्न काय नि अंत्ययात्रा काय, बँड पाहिजेच.

मग हेच लोक नाचाच्या हॉलमध्ये आणि थिएटरात वाजवायला लागले. तिथे जागा कमी आणि मालकाला तीन माणसांचे पैसे द्यायचे नाहीत. मग एकच माणूस मोठा ड्रम जमिनीवर आडवा लावून बाजूला स्नेअर (म्हणजे तोच साइड ड्रम) ठेवायचा आणि एकाच काठीने इकडे एक तिकडे एक असं मारायचा, याला डबल ड्रमिंग म्हणायचे. हात दोनच, काम तिघांचं. कंजूषपणातून जन्मलेलं वाद्य आहे हे, त्यामुळे पुण्याला ते परकं वाटायचं काही कारण नाही.

पायरी १ : फक्त स्नेअर, तोही खोटा

स्नेअर म्हणजे मिलिटरीचा साइड ड्रम. खालच्या पातळ पानाला (पान म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा) तारा चिकटून असतात, साधारण वीस, त्या थरथरतात म्हणून तो च्याक असा आवाज. बाजूला एक खटका असतो, तो पाडला की तारा सुटतात आणि तोच ड्रम टिमकीसारखा वाजतो. नवीन माणूस पहिल्यांदा जॅम रूममध्ये (म्हणजे बँडच्या प्रॅक्टिसची भाड्याची खोली) गेला की हा खटका पडलेला असतो आणि तो अर्धा तास "आवाज असा का येतोय" करत बसतो. (मी पाऊण तास.)

पण पहिले दोन महिने तुम्हाला खरा स्नेअर नकोय, प्रॅक्टिस पॅड पाहिजे. रबराची गोल थाळी असते ती, टेबलावर किंवा स्टँडवर ठेवायची. आणि स्टिकची एक जोडी. स्टिकवर नंबर असतात, ७ए, ५ए, ५बी, २बी. साधारण ७ए बारीक, २बी जाड, आणि ५ए मधली. डोळे झाकून ५ए घ्या, हिकोरी लाकडाची. दुकानात दोन्ही काड्या काउंटरवर लोळवून बघा, ज्या डुगडुगतात त्या वाकड्या, परत ठेवा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करूदे. मग दोन्ही एकेक करून हलक्या हाताने स्वतःच्या डोक्यावर टकटक करा, सूर साधारण सारखा आला पाहिजे. हा प्रकार जोक वाटतो पण खरंच करतात.

आता पथकातून आलेल्यांसाठी खास. ताशाची काडी बारीक, लवचिक, आपण मनगट आणि बोटांवर तर्री काढतो, ते कौशल्य इथे सोनं आहे. पण आपल्याला एक वाईट खोड असते, ती म्हणजे काडी दाबायची. चाळीस ढोलांच्या वर ऐकू जायचं म्हणून आपण जीव काढून वाजवतो ना, तसं ड्रम स्टिकने केलंत तर पंधरा दिवसांत मनगट बोंबलेल. इथे स्टिक टाकायची असते, मारायची नसते. ती पॅडवर पडते, स्वतःहून उसळते, आणि तुम्ही फक्त तिला अडवायचं नाही. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये स्टिक अशी धरा की ती झोपाळ्यासारखी हलेल, मागून एक तृतीयांशाच्या आसपास तिचा तोल सापडतो. बाकीची बोटं सैल, सोडून दिलेली नाही पण.

दोन्ही हातांत सारखी पकड ती मॅच्ड ग्रिप. डाव्या हातात स्टिक आडवी धरतात, पेन्सिल बोटांत खोवल्यासारखी, ती ट्रॅडिशनल ग्रिप. ती दिसायला भारी दिसते म्हणून पोरं आधी तीच शिकायला बघतात. ती आली कुठून तर मिलिटरीत साइड ड्रम पट्ट्याने गळ्यात लटकायचा आणि चालताना मांडीवर तिरका व्हायचा, डावा हात सरळ ठेवला तर रिमला, म्हणजे ड्रमच्या कडेला, अडकायचा, म्हणून. तुमचा ड्रम स्टँडवर आहे, तिरका नाहीये, तेव्हा मॅच्डच घ्या, जॅझ वाजवायला लागल्यावर हौस वाटली तर बघू.

काय वाजवायचं? रुडिमेंट्स. तबल्याला जसे कायदे-पलटे तसे हे हातांचे धडे. १९३३ मध्ये अमेरिकन ड्रमवाल्यांच्या संघटनेने आधी तेरा ठरवले, मग ते सव्वीस झाले, आणि आता जी यादी चालते तिच्यात चाळीस आहेत. घाबरू नका, पहिले सहा महिने तीनच:

सिंगल स्ट्रोक : उ डा उ डा उ डा उ डा
डबल स्ट्रोक : उ उ डा डा उ उ डा डा
पॅराडिडल : उ डा उ उ डा उ डा डा

उ म्हणजे उजवा, डा म्हणजे डावा. मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक टिक-टिक देणारं ॲप) ६० वर लावा, मोबाइलवर फुकट मिळतो, आणि तोंडाने मोजत वाजवा, "एक-नी-दोन-नी-तीन-नी-चार-नी". तोंडाने म्हणणं ऑप्शनला टाकू नका, लाज वाटली तर दार लावून घ्या. रोज वीस मिनिटं. ६० वर चार मिनिटं न अडखळता झालं की ६४. एकदम ९० वर उडी मारायची नाही, स्पीड आपोआप येतो, तो ओढून आणला की खांदे वर जातात आणि खांदे वर गेले की सगळंच बिघडतं. आरशासमोर बसून वाजवा आणि दोन्ही स्टिकची टोकं सारखीच उंच उठतायत का तेवढं बघत रहा. डावा हात आळशी असतो, माझा अजूनही आहे.

पायरी २ : पाय

ड्रम किटचा खरा जन्म झाला तो पेडलमुळे. न्यू ऑर्लिन्सचा डी डी चँडलर नावाचा ड्रमर १८९० च्या दशकात घरी बनवलेलं पेडल वापरायचा असं सांगतात, पण ज्याने धंदा उभा राहिला ते पेडल शिकागोच्या विल्यम लुडविगचं. त्याला शो मध्ये वेगाने वाजवायचं होतं आणि त्या वेळची पेडलं जड नि संथ होती, म्हणून त्याने स्वतः हलकं पेडल बनवलं आणि १९०९ मध्ये भाऊ थिओबाल्डबरोबर कंपनी काढली. लुडविग ड्रम्स ते हेच. पेडल आलं आणि मोठ्या ड्रमवाला माणूस घरी गेला.

तुमच्याकडे पेडल नाहीये. काही बिघडत नाही. खुर्चीवर बसा, मांडी जरा खाली उतरती राहील एवढी उंची (ड्रमवर बसतात त्या स्टुलाला थ्रोन म्हणतात, राजाचं सिंहासन, बाकी काही राजेशाही नाही यात), उजवा पाय जमिनीवर, आणि समोर पॅड. टाच टेकवून चवड्याने ठोका. मग टाच किंचित उचलून. दोन्ही करून बघा, टाच टेकवून आवाज मऊ, उचलून दणकट. आता हाताने सिंगल स्ट्रोक चालू ठेवा आणि पाय फक्त एक आणि तीनवर. एवढंच. हे वाचायला इतकं फालतू वाटतं की लोक करतच नाहीत, आणि मग किटवर बसले की हात थांबल्याशिवाय पाय पडत नाही.

माझी ट्रिक सांगते, बसची. पीएमपीची वाट बघत उभं असताना उजव्या पायाने एक-तीन आणि डाव्या हाताने पिशवीवर दोन-चार. लोक बघतात. डेक्कनच्या स्टॉपवर एक आजी मला म्हणाल्या, "अगं, बरं वाटत नाहीये का?"

जेव्हा खरं पेडल मिळेल तेव्हा एक लक्षात ठेवा, ठोका मारल्यावर बीटर (पेडलचा हातोडा) पानाला दाबून धरू नका, परत येऊ द्या, नाहीतर आवाज ठप्प होतो. ढोलाला टिपरू मारून आपण तिथेच चिकटवून ठेवतो का? नाही ना, तसंच.

पायरी ३ : हाय-हॅट, आणि पहिला खरा ठेका

मधल्या काळात ड्रमर लोकांकडे काय वाट्टेल ते जमा झालं होतं. मूकपटांच्या थिएटरात पडद्यावर घोडा धावला की लाकडी ठोकळे, आगगाडी आली की शिट्टी, घंटा, चिनी टॉम-टॉम (छोटे ड्रम), सगळं एका स्टँडवर लटकवलेलं. या पसाऱ्याला कॉन्ट्रॅप्शन म्हणजे आपल्या भाषेत खटारा म्हणायचे, त्याचंच पुढे ट्रॅप सेट झालं असं मानतात. १९२७ नंतर बोलपट आले आणि थिएटरातल्या वाजवणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, पसाराही हळूहळू गेला. राहिलं ते नाचाच्या बँडला लागणारं.

आणि त्याच १९२० च्या दशकात झांजवाल्याचं काम डाव्या पायाकडे गेलं. आधी दोन झांजा घोट्याएवढ्या उंचीवर, पायाने दाबून चप् चप् करायच्या, त्याला लो-बॉय म्हणायचे. मग कुणीतरी दांडी लांब केली, झांजा हाताच्या उंचीवर आल्या, आता त्या पायानेही वाजतात आणि काठीनेही. हाय-हॅट झालं. काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रातला ड्रमर जो जोन्स त्याच्यावर असा सरकता ताल धरायचा की बाकीच्यांनी बेस ड्रमवर (तोच तो मोठा ड्रम) धपाधपा मारणं कमी केलं.

आता पहिला ठेका. इथे जॅम रूम किंवा क्लास लागेल, तासावर किट भाड्याने मिळतं, कोथरूड, कॅम्प, औंध, बाणेर सगळीकडे काही ना काही आहे. उजवा हात डाव्यावरून ओलांडून हाय-हॅटवर, डावा स्नेअरवर, डावा पाय हाय-हॅट दाबून.

हाय-हॅट : एक-नी-दोन-नी-तीन-नी-चार-नी, आठही
स्नेअर : दोन आणि चार
बेस ड्रम : एक आणि तीन

झालं. बूम च्याक बूम च्याक. जगातली निम्मी रॉक आणि पॉप गाणी यावर वाजतात, उगीच म्हणत नाहीये. पण आधी फक्त उजवा हात, चार मिनिटं. मग त्यात स्नेअर. मग स्नेअर काढून पाय. मग तिन्ही. एकदम तिन्ही सुरू करणारे रडतात.

आणि आपल्या लोकांची इथे एक खास गोची होते. आपल्या कानाला सम लागते, एकवर जोर द्यायची सवय, ढोलाचा पहिला टोल कसा छातीत बसतो. या संगीतात मात्र जोर दोन आणि चारवर, त्याला बॅकबीट म्हणतात. त्यामुळे नवीन माणूस स्नेअर हलका आणि एक नंबरचा बेस दणदणीत वाजवतो, आणि ठेका बरोबर असूनही मिरवणुकीसारखा वाटतो. कुठल्याही कॉन्सर्टला पुण्याची पब्लिक टाळ्या कशावर वाजवते ते ऐका, एक आणि तीन. एकदा हे कानाला खटकायला लागलं की समजा तुम्ही ड्रमर व्हायला लागलात.

मधेच : शेजारी, सोसायटी आणि कान

हे पायऱ्यांत बसत नाही पण याच्यावाचून सगळं अडतं. मी तिसऱ्या महिन्यात मूर्खपणा करून ऑनलाइन जाहिरात बघून सेकंडहँड किट घेतलं. विकणारा म्हणाला "एकदम नवीन कंडिशन". घरी आणलं तर बेस ड्रमची लाकडी रिंग वाकलेली, पेडल बसेना, आणि हाय-हॅटचा क्लच गायब, म्हणजे वरची झांज खालच्यावर नुसती पडून. वर रविवारी सकाळी अकराला दहा मिनिटं वाजवलं तर खालचे काका दारात. ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले "अजून किती दिवस चालणार आहे?" त्याने जास्त लागतं.

खरं किट शंभर डेसिबलच्या वर सहज जातं. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल आहे, तेव्हा काका बरोबर होते. फ्लॅटमध्ये खरं किट विसरा. इलेक्ट्रॉनिक किट घेऊ शकता, रोलँड कंपनीने १९९७ मध्ये जाळीच्या पानांची व्ही-ड्रम्स काढली तेव्हापासून ती बरीच खऱ्यासारखी लागतात, हेडफोन लावा आणि वाजवा. पण एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, पेडलचा धक्का हवेतून नाही, फरशीतून जातो. तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि खालच्याच्या छतावर मात्र कुणीतरी लंगडत चालतंय. त्यावर उपाय म्हणजे प्लायवुडच्या दोन फळ्या आणि मधे अर्धवट बसवलेले टेनिस बॉल, वर जाड सतरंजी. मी प्लाय सुताराकडून कापून घेतला, गालिचा जुन्या बाजारातून आणला, काकांना घरी बोलावून वाजवून दाखवलं. आता ते विचारतात की गाणं कुठलं होतं.

आणि कान. नायॉश नावाची अमेरिकन संस्था सांगते की ८५ डेसिबल आठ तास चालेल, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, त्या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. पथकात आपण कापसाचे बोळे घालून मिरवलो, तो कापूस फार काही करत नाही. इअरप्लग घ्या, पहिल्या दिवसापासून. यात गंमत नाही करत मी, माझ्या डाव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते.

पायरी ४ : राइड, आणि तोच ताल वेगवेगळ्या गावांत

१९४० च्या आसपास न्यू यॉर्कमध्ये केनी क्लार्कने ताल धरायचं काम बेस ड्रमवरून उचलून मोठ्या झांजेवर नेलं, राइड सिंबलवर. बेस ड्रम मोकळा झाला, मग तो अधूनमधून अचानक ठोका टाकायचा, त्याला बॉम्ब टाकणं म्हणायचे, युद्धाचे दिवस होते. इथून बीबॉप, म्हणजे जॅझचा नवा प्रकार. तुम्हाला शिकायचं ते एवढं, राइडवर "डिंग, डिंग-अ-डिंग, डिंग-अ-डिंग", प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे मनात धरून, आणि डाव्या पायाने हाय-हॅट दोन नि चारवर चप्. दादरा अंगात मुरला असेल तर ही तीनची चाल लवकर सापडते, माझ्या बरोबरीच्या पोरांपेक्षा तबला शिकलेली एक मुलगी हे दहा मिनिटांत करून गेली.

झांजांबद्दल एक, झिल्डजिअन हे घराणं १६२३ पासून झांजा बनवतंय, सुरुवात इस्तंबूलला, १९२९ मध्ये अमेरिकेत गेले. चांगली झांज म्हणजे साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. स्वस्त किटबरोबर येतात त्या पितळेच्या, डब्याच्या झाकणासारख्या वाजतात. पैसे कमी असतील तर ड्रम साधे घ्या, झांजा बऱ्या घ्या.

यापुढे शैली. सगळ्या सांगत बसत नाही, ज्या ऐकून वाजवता येतील तेवढ्या. फंकमध्ये स्नेअरचे मोठे ठोके दोनच, पण मधे मधे जेमतेम ऐकू येणारे बारीक ठोके असतात, घोस्ट नोट्स. जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड ऐका, १९७० च्या "फंकी ड्रमर" मधला त्याचा काही सेकंदांचा तुकडा पुढे हिपहॉपवाल्यांनी शेकडो गाण्यांत वापरला, त्याला मात्र त्यातून फारसं काही मिळालं नाही. रेगेमध्ये एक नंबर चक्क रिकामा सोडतात, बेस आणि स्नेअर दोन्ही तीनवर. समेवर गप्प बसायचं, आपल्याला किती जड जातं बघा. डिस्कोमध्ये बेस चारही मात्रांवर. मेटलमध्ये दोन्ही पायांनी बेस, पण दोन बेस ड्रम ही काही मेटलवाल्यांची आयडिया नाही, जॅझवाला लुई बेलसन १९४० च्या दशकातच ते करत होता. आणि हळू गाण्यात स्नेअरवर स्टिक आडवी ठेवून रिमवर टक्, किंवा काड्यांऐवजी तारांचे ब्रश.

हिंदी गाण्यांत ड्रम किट एकटं फार कमी असतं, शेजारी ढोलक-तबला असतोच. तिथे किटचं काम जागा सोडायचं. मुंबईच्या स्टुडिओत पारशी आणि गोव्याच्या वादकांनी हे बसवलं, कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केरसी नि बुजी, आर. डी. बर्मन यांच्याकडे फ्रँको वाझ. ती गाणी फक्त तालासाठी एकदा हेडफोन लावून ऐका, ढोलक कुठे बोलतो आणि किट कुठे गप्प बसतं. मग शिवमणी. आणि शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू, ते तर स्टूलच वापरत नाहीत, जवळजवळ जमिनीवर बसून किट आणि तबला एकत्र वाजवतात.

घरी करायला एक गोष्ट, केरवा किटवर आणा. धा गे ना ती, न क धी न. जिथे डग्गा घुमतो, म्हणजे धा, गे आणि धी, तिथे बेस ड्रम, सगळ्या आठ मात्रा हाय-हॅटवर, आणि पाचव्या मात्रेला, जिथे तालाची खाली (समेच्या उलटची हलकी जागा) येते, तिथे स्नेअर. या हलक्या जागेवरच सगळ्यात मोठा आवाज करतोय म्हणून तबल्याचे सर रागावतील, त्यांना सांगू नका.

तुमचं ध्येय ऑर्केस्ट्रात, लग्नात, हळदीत वाजवायचं असेल तर मात्र सरळ ऑक्टापॅडकडे (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) वळा, तिथे किट न्यायला टेम्पो कुणी देत नाही. पण वरच्या तीन पायऱ्या तरीही करा, पाय तयार असलेला ऑक्टापॅडवाला लगेच ओळखू येतो.

पायरी ५ : टॉम, आणि मग किट

टॉम सगळ्यात शेवटी, कारण इतिहासातही ते नीट असे शेवटीच आले. आधीच्या चिनी टॉमची पानं खिळे ठोकून बसवलेली, सूर बदलता यायचा नाही. जीन क्रुपाने १९३० च्या दशकाच्या मध्यात स्लिंगरलँड कंपनीकडून दोन्ही बाजूंनी आवळता येणारे टॉम बनवून घेतले, आणि बेनी गुडमनच्या बँडमध्ये त्याच्यावर असे सोलो वाजवले की मागे बसणारा ड्रमर पुढे आला. तेव्हाही पानं कातड्याचीच, पावसाळ्यात ढिली पडायची, आपल्या जुन्या ढोलांसारखीच बोंब. १९५७ च्या सुमाराला रेमो बेली आणि चिक इव्हान्स यांनी प्लास्टिकची पानं बाजारात आणली आणि ती कटकट गेली. मग ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर दिसले, साधारण सात कोटी लोकांनी रिंगोला त्या छोट्या लुडविग किटमागे बघितलं, आणि घरोघरी पोरांनी हट्ट धरला. रिंगो मूळचा डावखुरा, उजव्या हाताच्या किटवर वाजवायचा, म्हणून त्याच्या टॉमवरच्या चाली जरा वेगळ्याच पडतात. तेव्हा डावखुऱ्यांनो, किट उलटं लावायलाच पाहिजे असं नाही.

टॉमवर काय वाजवायचं, तर फिल. तीन वेळा ठेका, चौथ्या वेळी टॉमवरून फिरून परत एकवर झांज आणि बेस एकत्र. नियम एकच, फिलमध्ये वेग वाढवायचा नाही. सगळे वाढवतात. पायाने एक-दोन-तीन-चार चालू ठेवा, तो खुंटा आहे, त्याला धरून फिरा.

आता घ्या किट, सहा महिने झाले असतील तर. पाच ड्रमचं साधं किट पुरतं: बेस २२ इंच (घर लहान तर २०), टॉम १० आणि १२, फ्लोअर १४ किंवा १६, स्नेअर १४. झांजांत हाय-हॅट १४, क्रॅश (जोराच्या ठोक्याची झांज) १६, राइड २०. सेकंडहँड बघायला जाल तेव्हा ‘ड्रम की’, म्हणजे बोल्ट फिरवायची चावी, बरोबर न्या, प्रत्येक बोल्ट फिरतो का बघा, बेसच्या रिंगा जमिनीवर सपाट ठेवून डुगडुगतात का बघा, झांजेच्या कडेवरून बोट फिरवून चीर आहे का बघा, आणि क्लच आहे का विचारा. क्लच.

सुरात लावणं म्हणजे ढोल आवळण्यासारखंच, फक्त दोरीऐवजी बोल्ट. सगळे आधी बोटाने घट्ट, मग कीने समोरासमोरचे, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे, प्रत्येकी अर्धा फेरा. प्रत्येक बोल्टजवळ पानावर टिचकी मारून ऐका, सगळीकडे सारखा सूर आला की थांबा. बेसमध्ये एक जुनी उशी टाका, पानाला जेमतेम टेकेल अशी.

पहिल्या जॅमला जाताना स्वतःच्या स्टिक दोन जोड्या, इअरप्लग, ड्रम की आणि घाम पुसायला पंचा. पोचल्यावर पहिली दहा मिनिटं स्टुलाची उंची, स्नेअर पट्ट्याच्या बकलाएवढा, आणि स्नेअरचा खटका वर. गिटारवाले घाई करतील, करूदेत. गाणं तुम्ही मोजून सुरू करायचं, स्टिकवर स्टिक चार वेळा, आणि ज्या वेगाने मोजलं त्याच वेगाने वाजवायचं, हे दुसरं जास्त अवघड आहे. निघताना सगळं होतं तसं लावून ठेवा आणि खिसे तपासा. जॅम रूमचा क्लच मी दोनदा घरी आणलाय.